वोयत्सेकचा खटला: दारिद्र्य, गुन्हा आणि इच्छास्वातंत्र्य

योहान ख्रिश्चन वोयत्सेक या बेकार माजी सैनिकाने २ जून १८२१ च्या रात्री लाइपझिग शहरात योहाना क्रिस्टियाने वोस्ट या सेहेचाळीस वर्षांच्या विधवेचा खून केला. खून कोणी केला याबद्दल वाद नव्हता. तो लगेच पकडला गेला आणि त्याने गुन्हा कबूलही केला. तरी शिक्षा अमलात यायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो असा, की हे कृत्य करताना या माणसाची इच्छा स्वतंत्र होती का, आणि म्हणून त्याचे माप त्याच्या पदरात घालता येईल का. हा प्रश्न धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान आणि वैद्यक या तिघांच्याही शिवेवरचा आहे, आणि वोयत्सेकच्या निमित्ताने तिघांनीही त्यावर लिहिले. त्याच्या गरिबीची नोंद सर्वांनी केली. तिचे काय करायचे हे मात्र कोणालाच नीट ठरवता आले नाही.

वोयत्सेकचा जन्म १७८० सालचा, लाइपझिगमधलाच. बाप केसांचे टोप बनवणारा कारागीर होता. आठव्या वर्षी आई गेली, तेराव्या वर्षी बाप. पोरगा बापाचाच धंदा शिकला, पण तोवर फ्रेंच राज्यक्रांतीने टोपांच्या फॅशनला उतरती कळा लावली होती. हाताला कसब होते आणि गिऱ्हाईक नव्हते. १७९८ पासून तो कामाच्या शोधात गावोगाव फिरला, आणि पुढे युद्धाच्या धामधुमीत सैन्यात शिरला. डच, स्वीडिश, मेक्लेनबुर्गचे, प्रशियाचे असे झेंडे बदलत त्याने दहाएक वर्षे काढली. श्ट्रालझुंड येथे एका स्त्रीपासून त्याला मूल झाले, लग्न मात्र झाले नाही. तिला आणि मुलाला सोडून आल्याची टोचणी त्याला शेवटपर्यंत होती, असे त्याच्या जबाबांवरून दिसते. १८१८ च्या अखेरीस तो लाइपझिगला परतला.

परतला तो वाईट काळात. ऑक्टोबर १८१३ मध्ये याच शहराच्या वेशीवर नेपोलियनच्या सैन्याशी मोठी लढाई झाली होती. लाइपझिग ज्या राज्यात होते त्या सॅक्सनीचा राजा हरलेल्या पक्षात असल्याने १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत राज्याचा निम्म्याहून अधिक मुलूख प्रशियाला गेला. नेपोलियनने घातलेली व्यापारबंदी उठताच इंग्लंडचा स्वस्त यंत्रमाल बाजारात ओतला गेला आणि देशी कारागिरांचे कंबरडे मोडले. त्यात तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मधला स्फोट. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नाही, आणि १८१६-१७ मध्ये जर्मन प्रदेशांत धान्याचे भाव भडकून उपासमार झाली. त्यानंतर भाव इतके कोसळले की शेतकरी बुडाले. लष्करातून सुटलेले हजारो शिपाई या बाजारात काम मागत हिंडत होते. वोयत्सेक त्यांतलाच एक. शहराच्या शिपाईदलात जागा मिळावी म्हणून त्याने खटपट केली, पण लष्करातून सुटल्याचे कागद नियमाप्रमाणे नव्हते, म्हणून ती गेली. पुठ्ठ्याची खोकी चिकटवणे, चित्रे रंगवणे, कोणाकडे घरगडी म्हणून राहणे अशी कामे तो करत असे, आणि तीही टिकत नसत. दारूचे व्यसन होतेच. खुनाआधीचे काही दिवस त्याने उघड्यावर झोपून आणि भीक मागून काढले.

वोस्ट ही एका शल्यकर्म करणाऱ्या कारागिराची विधवा. वोयत्सेकशी तिचे संबंध होते, तसेच छावणीतल्या इतर शिपायांशीही होते, आणि त्यावरून तो तिला मारहाण करी. त्यासाठी त्याला एकदा कोठडीही झाली होती. खुनाच्या दिवशी तिने त्याला भेटायचे कबूल केले होते, पण ती दुसऱ्याच एका शिपायाबरोबर गेली. दुपारी वोयत्सेकने तलवारीच्या एका तुटक्या पात्याला मूठ बसवून घेतली. संध्याकाळी ती वाटेत भेटली. तो तिच्या घरापर्यंत गेला आणि दाराच्या आतल्या बोळात त्याने तिच्यावर वार केले. अंगावर सात जखमा होत्या. या खटल्यावर दोन शतके लिहिले गेले, पण वोस्टबाईच्या गरिबीबद्दल त्यात फारसे काही सापडत नाही. तीही त्याच शहरात, त्याच मंदीत जगत होती, आणि परिस्थितीने माणूस घडतो असे म्हणणाऱ्यांनी तिची परिस्थिती सहसा विचारात घेतलेली नाही.

न्यायालयाने आरोपीच्या मनःस्थितीची तपासणी शहराचे वैद्यकीय अधिकारी आणि विद्यापीठातले प्राध्यापक योहान क्लारुस यांच्याकडे सोपवली. १६ सप्टेंबर १८२१ च्या अहवालात त्यांनी आरोपी आपल्या कृत्याला पूर्णपणे जबाबदार असल्याचे सांगितले. त्यावर देहान्ताची शिक्षा झाली आणि दयेचे अर्ज फेटाळले गेले. शिरच्छेदाची तारीखही ठरली, १३ नोव्हेंबर १८२२. तेवढ्यात आरोपीला भ्रम होत असल्याची माहिती पुढे आली आणि ऐनवेळी शिक्षा थांबवून क्लारुसना फेरतपासणी सांगण्यात आली. आता बरेच काही बाहेर आले. वोयत्सेकला आवाज ऐकू येत. फ्रीमेसन या गुप्त संघटनेचे लोक आपल्या मागावर आहेत असे त्याला वाटे. आकाशात त्याने अग्नीचे पट्टे पाहिले होते. पात्याला मूठ बसवून घेतल्यानंतर वोस्टबाईला भोसकण्याची आज्ञा त्याने ऐकली होती आणि मनातल्या मनात त्या आवाजाशी वादही घातला होता. २८ फेब्रुवारी १८२३ च्या दुसऱ्या अहवालात क्लारुसनी हे सगळे नोंदवले. रक्ताभिसरणातील बिघाड, हृदयाची धडधड आणि अडाणी माणसाच्या अंधश्रद्धा यांचा तो परिणाम आहे, असा उलगडा त्यांनी केला. त्यांच्या मते विवेक शाबूत होता, म्हणून जबाबदारीही शाबूत होती. विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने याला दुजोरा दिला. २७ ऑगस्ट १८२४ रोजी लाइपझिगच्या बाजारचौकात तलवारीने त्याचे डोके उडवण्यात आले. त्या शहरातला हा शेवटचा जाहीर शिरच्छेद. एर्न्स्ट आनशूट्स या शिक्षकाने रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की वोयत्सेक शांतपणे मंचावर चढला, गुडघे टेकून त्याने मोठ्याने प्रार्थना केली, आणि वार इतका सफाईदार होता की जल्लादाने तलवार वळवेपर्यंत डोके पात्यावरच राहिले.

क्लारुसचा दुसरा अहवाल शिरच्छेदाच्या सुमारास पुस्तिका म्हणून छापला गेला. त्याची प्रस्तावना या सबंध प्रकरणात सर्वांत बोलकी आहे. आरोपीच्या उनाड, अस्थिर, कफल्लक आयुष्याबद्दल लेखक प्रथम कणव दाखवतो आणि नंतर त्यातून तरुणांसाठी धडा काढतो: आळस, दारू, जुगार आणि बाहेरख्यालीपणा यांची वाट वधस्तंभाकडे जाते. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. घर नसणे, काम न टिकणे, भीक मागणे या घटना क्लारुसच्या लेखी कारणे नाहीत, ती चारित्र्याची लक्षणे आहेत. एकेक पायरी उतरत माणूस रानटी झाला, आणि प्रत्येक पायरी त्याने स्वतः निवडली, असे त्यांचे गृहीत आहे. टोपांचा धंदा बसला, युद्ध संपले, कागद अपुरे ठरले, या गोष्टी त्याच कागदपत्रांत होत्या, पण त्यांचा निष्कर्षावर परिणाम झाला नाही. तपासणीचा प्रश्नच तसा मांडलेला होता. आजार असेल तर सूट, आजार नसेल तर संपूर्ण जबाबदारी. गरिबीला त्यात कोठेच जागा नव्हती, म्हणून ती चारित्र्याच्या खाती जमा झाली.

हा दोष एकट्या क्लारुसचा म्हणता येणार नाही. त्यांच्यामागे भक्कम धर्मविचार होता. सॅक्सनी हा ल्यूथरच्या पंथाचा बालेकिल्ला. मानवी इच्छा पापाने बांधलेली आहे आणि ईश्वरी कृपेवाचून ती सुटत नाही, असे ल्यूथरने १५२५ मध्ये इरॅस्मसविरुद्ध निक्षून मांडले होते. या सिद्धान्ताचा सरळ अर्थ घेतला तर कोणत्याच गुन्हेगाराला दोष देता येणार नाही. त्यातून वाट काढली गेली ती या पंथाच्या १५३० च्या आउग्सबुर्ग श्रद्धाघोषणेत. त्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे मोक्षाच्या बाबतीत इच्छा परतंत्र असली, तरी ऐहिक व्यवहारात चांगले वागण्याइतके स्वातंत्र्य माणसाला आहे. न्यायालयाला एवढे पुरते. आत्म्याचे काय ते देव पाहील, हाताने केलेल्या कृत्याचा हिशोब राज्य मागेल. योहान हाइनरोट हा लाइपझिगचाच मनोविकारतज्ज्ञ याच्याही पुढे गेला. वेड हेच मुळात पापमय जगण्याचे फळ आहे, असे त्याचे मत होते. मग वेडही सुटकेला पुरेसे कारण उरत नाही. बांबेर्गच्या मार्क नावाच्या वैद्याने १८२५ मध्ये क्लारुसवर टीका करून वोयत्सेक आजारी होता असे प्रतिपादन केले, तेव्हा क्लारुसच्या बाजूने उतरला तो हाइनरोटच.

तत्त्वज्ञानातली मांडणीही याच दिशेची होती. कांटच्या नीतिशास्त्रात मनुष्य दोन परींनी पाहता येतो. निसर्गातली वस्तू म्हणून तो कार्यकारणाच्या साखळीत बांधलेला आहे, आणि विवेकशील कर्ता म्हणून स्वतंत्र आहे. कर्तव्य ज्याला कळते त्याला ते पाळताही येते, या तत्त्वावर कांटचा दंडविचार उभा आहे. १७९७ मध्ये त्याने लिहिले, की एखाद्या बेटावरच्या समाजाने विसर्जित व्हायचे ठरवले तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहान्त दिला पाहिजे. अशा विचारात आरोपीच्या खिशात किती पैसे होते याला महत्त्व नाही, कारण विवेक गरिबालाही तेवढाच दिलेला आहे. त्यात गरिबाचा मान आहे हे खरे, आणि पुढे येणाऱ्या आक्षेपांचे बळही त्यातच आहे.

गरिबीची दखल तत्त्वज्ञांनी मुळीच घेतली नाही असेही नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने म्हटले होते, की जीव जाण्याची वेळ आलेल्या माणसाने दुसऱ्याचे अन्न घेतले तर ती चोरी ठरत नाही. वोयत्सेकच्या गुन्ह्याच्या काही महिने आधी बर्लिनमध्ये हेगेलचे न्यायशास्त्रावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यातही प्राणसंकटाचा हक्क मान्य आहे. महाभारताच्या शांतिपर्वातला, दुष्काळात चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस घेणारा विश्वामित्र याच जातीचा प्रश्न उभा करतो. पण या सगळ्या चर्चेत भूक हा कृत्याचा हेतू असतो: भूक लागली म्हणून भाकरी उचलली. वोयत्सेकने भाकरीसाठी कोणाला मारले नाही. त्याने मत्सरापोटी खून केला, आणि मत्सर श्रीमंतालाही होतो. त्याच्या बाबतीत दारिद्र्य हेतू म्हणून येत नाही, ते घडण म्हणून येते. त्याच्याजवळ घर, नाव, नोकरी, बायको यांतले काही राहिले नव्हते. त्यामुळे एका बाईने शब्द मोडणे हे त्याला शेवटचे सर्वस्व जाण्यासारखे वाटले असेल. हेतू म्हणून आलेल्या दारिद्र्यासाठी परंपरेजवळ सिद्धान्त होता, घडण म्हणून आलेल्यासाठी नव्हता.

हेगेल या जागेच्या जवळ येऊन थबकतो. त्याच पुस्तकात तो सांगतो, की संपत्ती वाढत असतानाच समाज एक दरिद्री वर्ग निर्माण करतो. हा वर्ग केवळ उपाशी राहत नाही, त्याची न्यायाची आणि स्वाभिमानाची जाणीवही झिजते. समाज कितीही श्रीमंत असला तरी हा प्रश्न सोडवण्याइतका श्रीमंत नसतो, अशी कबुलीही तो देतो. इतके म्हटल्यावर त्या वर्गातल्या माणसाच्या गुन्ह्याचा वाटा समाजावर टाकणे ही पुढची पायरी होती. हेगेल ती चढत नाही. उलट, शिक्षा हा गुन्हेगाराचा मानच आहे, असे तो म्हणतो, कारण शिक्षा देताना आपण त्याला विवेकी माणूस म्हणून वागवतो, उपद्रवी जनावर म्हणून नव्हे. मार्क्सने १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात देहान्तशिक्षेवर लिहिताना नेमका हाच धागा पकडला. या उपपत्तीत माणसाची प्रतिष्ठा राखली जाते, हे त्याने मान्य केले. पण खऱ्या हेतूंनी आणि सामाजिक परिस्थितीच्या दाबाने वेढलेल्या माणसाच्या जागी ‘स्वतंत्र इच्छा’ नावाची एक अमूर्त कल्पना बसवली जाते, असा त्याचा आक्षेप होता.

मार्क्सच्या आधी हे नाटकातून मांडले गिओर्ग ब्यूख्नरने. तो हेसेनचा, डॉक्टरचा मुलगा, स्वतः शरीरशास्त्र शिकलेला. १८३४ मध्ये शेतकऱ्यांसाठी काढलेल्या एका गुप्त पत्रकात त्याने सात लाखांवर रहिवासी सरकारला वर्षाला साठ लाखांहून अधिक गुल्डन भरतात, असा खातेवार हिशोब दिला होता. त्याच वर्षी घरच्यांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की मूर्ख किंवा गुन्हेगार न होणे कोणाच्याच हाती नसते, म्हणून बुद्धीवरून वा शिक्षणावरून आपण कोणाला तुच्छ लेखत नाही. क्लारुसचा अहवाल त्याने वैद्यकीय नियतकालिकात वाचला आणि त्यावर नाटक लिहायला घेतले. १९ फेब्रुवारी १८३७ रोजी वयाच्या तेविसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा नाटक अपुरेच होते. रंगमंचावर ते आले १९१३ मध्ये, म्युनिकला.

नाटकातला डॉक्टर वोयत्सेकला पैशांच्या बदल्यात केवळ वाटाणे खायला घालतो आणि त्याच्या लघवीचे परीक्षण करतो. एक दिवस वोयत्सेक रस्त्यात भिंतीशीच मोकळा होतो, आणि डॉक्टर भडकतो. मूत्राशयाचा स्नायू इच्छेच्या ताब्यात असतो हे आपण सिद्ध केले आहे, माणूस स्वतंत्र आहे, आणि याला साधी लघवी रोखता येत नाही! क्लारुसच्या दोन अहवालांचे खंडन करायला ब्यूख्नरला हा एवढा प्रसंग पुरला. जो डॉक्टर उपाशी माणसाच्या शरीराचा कणन्‌कण विकत घेतो, तोच त्याला इच्छास्वातंत्र्याचे व्याख्यान देतो. नाटकातला कॅप्टनही दाढी करून घेता घेता त्याला नीतीवर प्रवचन देतो, आणि वोयत्सेक उत्तर देतो की नीती हवीशी आहे, पण तिला पैसा लागतो. ब्यूख्नर त्याला निर्दोष ठरवत नाही. खून रंगमंचावर होतो, आणि तो भीषणच आहे.

परिस्थितीने माणूस घडतो या भूमिकेवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की लाइपझिगमध्ये १८२१ साली हजारो लोक बेकार होते, त्यांनी खून केले नाहीत. आक्षेप खरा आहे, पण तो फार सिद्ध करत नाही. दारू पिणारे सगळेच अपघात करत नाहीत, म्हणून दारूचा अपघाताशी संबंध नाही असे होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबाला परिस्थितीचा गुलाम ठरवले की सहानुभूतीच्या नावाखाली त्याचे माणूसपणच काढून घेतले जाते. ज्याला दोष देता येत नाही त्याला शाबासकीही देता येत नाही, आणि त्याच्या शब्दावर विश्वासही ठेवता येत नाही. शिवाय, अशा माणसाला तुरुंगाऐवजी कायमचे बंदिस्त ठेवण्याचा मोह होतो. याच काळातले बर्लिनचे एक प्रकरण येथे आठवते. तंबाखू कामगार श्मोलिंगने १८१७ मध्ये प्रेयसीला मारले. त्याला वेडा ठरवण्यास न्यायाधीश असलेल्या साहित्यिक ई. टी. ए. हॉफमन यांनी लेखी विरोध केला. शेवटी देहान्ताची जन्मठेप झाली, आणि पुढे तुरुंगात श्मोलिंगने एका सहकैद्याचा खून केला. दोन्ही पक्षांना आपल्या बाजूने वापरता येईल असा हा शेवट आहे.

मराठीत हाच पेच लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त हाताळला आहे. १९१५ मध्ये छापलेल्या या ग्रंथातले ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण पूर्वकर्माने बांधलेल्या माणसाला मोकळीक उरते कशी, हे शोधते. टिळकांचे उत्तर वेदान्ती आहे: प्रकृती बांधलेली, आत्मा मुळात मुक्त, आणि प्रयत्नाची प्रेरणा त्या मुक्त तत्त्वातून येते. पण कर्मविपाकाचा एक धोका क्लारुसच्या युक्तिवादासारखाच आहे. माणसाचे दारिद्र्य हेच त्याच्या आधीच्या कर्माचे फळ मानले, तर ते सहज त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते. जातिव्यवस्थेच्या समर्थनात हा युक्तिवाद किती काळ चालला, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

विसाव्या शतकात प्रश्न पुन्हा न्यायालयात आला. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातले न्यायाधीश डेव्हिड बाझेलॉन यांनी १९७३ च्या एका खून खटल्यात मत नोंदवले, की बालपणापासूनच्या सामाजिक वंचिततेचा विचार ज्यूरीला करू द्यायला हवा होता. सहकाऱ्यांना ते पटले नाही. गरिबीने सूट मिळू लागली तर फौजदारी कायदाच उरणार नाही, हे भय बहुतेक कायदेपंडितांना वाटते, आणि ते निराधार नाही.

भारतीय कायद्याने वेगळी तोड काढली. १८६० च्या दंडसंहितेचे ८४ वे कलम, आता भारतीय न्याय संहितेतले २२ वे, केवळ मनोविकारालाच बचाव मानते, आणि तोही कृत्याचे स्वरूप वा त्याची अयोग्यता कळत नसेल इतका असेल तरच. क्लारुसला या कलमाची अडचण झाली नसती. मात्र शिक्षा ठरवताना परिस्थिती पाहावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चन सिंग निकालात मान्य केले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की आरोपीचे बालपण, कुटुंब, शिक्षण, गरिबी आणि वंचितता यांची माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा व्हावी आणि ती सरकारपक्षानेही पुढे ठेवावी. वोयत्सेकच्या कागदपत्रांत जी माहिती त्याच्या अधःपतनाचा पुरावा म्हणून आली होती, ती येथे शिक्षा सौम्य करण्याचे कारण म्हणून येते. मात्र ती येते दोष सिद्ध झाल्यानंतर. दोष ठरवताना तिला आजही जागा नाही.